आधी गजरा, मग पेशंट

सायरन ऐकला की अजूनही माझा हात आधी केसांकडे जातो. गंमत म्हणजे माझ्या केसांत गजरा नसतो, कधी नव्हताच. सोलापूरच्या आमच्या घरात गजरा म्हणजे लग्नकार्याला, एरवी कोण माळतंय. पण अंबुजाक्काच्या हाताखाली ज्यांनी ज्यांनी अ‍ॅम्ब्युलन्सवर काम केलं, त्या सगळ्यांना ही खोड लागली आहे. मिशा राखणारे गडीसुद्धा गाडी थांबली की कानामागे हात नेतात आणि मग ओशाळतात.

मी सोलापूरची, लग्नानं तंजावरची. नवरा इथल्या मराठी कुटुंबातला. घरात जुनी, गोड मराठी बोलायची आणि मराठीतलं एक अक्षर वाचता येऊ नये, अशातला. मी नर्सिंग केलेलं, वर इमर्जन्सीचं ट्रेनिंग घेतलं आणि शिकाऊ म्हणून अ‍ॅम्ब्युलन्सवर रुजू झाले. ज्या बाईच्या ताब्यात मला दिलं ती अंबुजाबाई राव. अख्ख्या खात्यात तिला अक्का म्हणत. ठेंगणी, भरलेली, खात्याचा निळा शर्ट-पँट, खांद्याला ताकाची स्टीलची बाटली, आणि घट्ट वेणीवर मोगऱ्याचा हा एवढा गजरा. मी पहिल्याच दिवशी वाकून म्हटलं, "अक्का, तुम्ही सांगाल तसं करीन." तिनं मागं वळून पाहिलं आणि विचारलं, "तुम्ही म्हणजे कोण? मजमागे आणिक कोणी उभें आहे की?" तेव्हापासून तिला अगंतुगं. तिनं मात्र मला माझ्या नावानं कधी हाक मारली नाही. "ए सोलापूर," एवढंच.

पहिला कॉल आला तो तिरुवैयारूच्या रस्त्यावरचा, स्कूटर घसरलेली. काय सांगू, माझ्या अंगात नुसता वारा भरला होता. गाडी पळतेय, सायरन वाजतोय, लोक बाजूला होताहेत, शाळेत कवायतीला पहिला नंबर आल्यावर वाटायचं तसं वाटत होतं. पोहोचलो. समोर माणूस रस्त्यात आडवा, डोक्यातून रक्त. मी मागचं दार उघडून उतरले तर अक्का आपली पुढच्या सीटवर बसूनच. हात वर करून गजऱ्याचा आकडा काढतेय. एक आकडा, मग दुसरा. लोक काचेवर थापा मारताहेत. कुणीतरी तमिळमध्ये ओरडलं, "तिकडं माणूस मरतोय आणि ही बाई फुलं उतरवतेय." माझ्या डोक्यात तिडीक गेली. म्हटलं, असल्या नट्ट्यापट्ट्याच्या बाईच्या हाताखाली आपल्याला दिलं, आपलं नशीबच फुटकं.

तिनं गजरा आरशाखालच्या हुकाला अडकवला, वेणीचा अंबाडा करून पिन लावली, हातमोजे चढवले आणि उतरली. उतरता उतरता मला म्हणाली, "त्या चहावाल्याला स्टोव्ह बंद कर म्हणून सांग. पळत जा." मी वळून पाहिलं. स्कूटरच्या टाकीतून पेट्रोलची धार निघून उताराने चहाच्या टपरीकडे चालली होती. एवढ्या गर्दीत एकालाही ती दिसली नव्हती. मलाही नाही.

परतताना पेशंटला हॉस्पिटलात देऊन आम्ही गाडीत बसलो, तेव्हा तिनं गजरा परत माळला. म्हणाली, "तू पेशंट पाहिलास. मी अस्की जागा पाहिली." अस्की म्हणजे सगळी. हा शब्द मी तिच्याकडूनच शिकले. गजरा काढण्याचा वेळ हा तिचा पाहण्याचा वेळ होता. हात डोक्याशी, डोळे काचेबाहेर. तार लोंबतेय का, कुत्रं आहे का, कोण प्यालेलं आहे, कुणाच्या हातात काठी आहे, वास कसला येतोय. आणि परत माळायचा तो गाडीतली सगळी माणसं जशी उतरली तशी धड परत चढल्यावरच. पेशंट दगावला तरी माळायचा. लोकांना ते निर्दय वाटायचं. ती म्हणायची, "गजरा पेशंटकरतां नाही. आपणांकरतां."

आता ही अक्का पुस्तकातले नियम पाठ म्हणणारी होती असं कुणाला वाटेल, तर तसं मुळीच नव्हतं. नव्या माणसाला ती एक अक्षर शिकवायची नाही, आधी शहाळं पाजायची. तिरुवैयारूच्या वाटेवर जोसेफ अण्णाची शहाळ्याची गाडी होती. जोसेफ अण्णा म्हणजे तिचा सुरुवातीचा पायलट. अ‍ॅम्ब्युलन्सच्या ड्रायव्हरला आमच्यात पायलट म्हणतात. हायवेवर एका अपघाताला गेले असताना या भल्या माणसानं मागचं न बघता आपल्या बाजूचं, म्हणजे उजवं दार उघडलं आणि धावायला पाय टाकला. मागून येणारी लॉरी दार घेऊन गेली आणि गुडघ्याखालचा पायही. अक्का तेव्हा डाव्या दाराने उतरली होती. तेव्हापासून जोसेफ अण्णा कुबडी काखेत धरून शहाळी सोलतो आणि तोंडभर हसतो.

मला घेऊन गेली तेव्हा त्यानं कोयता हातात ठेवूनच विचारलं, "कोणत्या दारानं उतरलीस?"

मी म्हटलं, "मागच्या. मी शिकाऊ आहे, मागे बसते."

"बरं झालं. आणि हा?"

हा म्हणजे आमचा पायलट सेल्वम. तिशीतला, आडदांड, हसरा. गाडी असली चालवायचा की मागे पेशंटच्या सलाइनची बाटली हलू नये. पण गाडी थांबायच्या आत हा रस्त्यावर. दार उघडं, इंजिन चालू आणि सेल्वम गर्दीत शिरलेला. तो मान खाली घालून म्हणाला, "उजव्या." जोसेफ अण्णानं ढिगाच्या तळातून सगळ्यात जून, खडखडीत शहाळं काढलं आणि त्याच्या हातात दिलं. उजव्या दारानं उतरणाऱ्याला पाणी मिळत नसे, असा त्या गाडीचा कायदा होता. सेल्वमनं कधी गोड पाणी प्यालेलं मी पाहिलं नाही.

"ह्याचें मन मोठें आणि ब्रेक लहान," अक्का मला म्हणाली. सेल्वमला मराठी थोडी कळायची, तो हसला. त्याच्या घरी बायको होती, एक छोटी मुलगी होती, ती रोज संध्याकाळी फोन करून "अप्पा, किती वाजता?" असं विचारायची. अक्का तो फोन ऐकायची आणि माझ्याकडे बघायची. एकदा स्पष्टच बोलली. "मज रिटायर होण्यास फार राहिलें नाही. तोंवर ह्याला रोज दोन पायांवर घरीं पाठवणें, हेंच माझें काम. पेशंट आहेतच, ते कोणीही उचलील." सेल्वम कुणासाठीही आगीत उडी घेईल हे आम्हा दोघींना माहीत होतं, आणि तीच तर भीती होती.

पण रोजचे दिवस भीतीचे नव्हते हो. मजा यायची. अक्काबरोबर कॉलवर जाणं म्हणजे जत्रेला जाणं. तिच्या बुटांचीच गोष्ट घ्या. इथल्या घरांत चपला-बूट घालून शिरलात तर पेशंट बाजूला राहील आणि तुम्हालाच आधी बाहेर काढतील. दारात तांदळाच्या पिठाचा कोलम, म्हणजे आपली रांगोळी, आत देव. आमच्यातले बरेच जण भिडेखातर बूट काढून आत जायचे आणि फुटलेल्या काचेवर, सांडलेल्या रक्तावर, कधी सुईवर पाय द्यायचे. ही चूक आमच्याच भागातली माणसं करणार, दुसरीकडे कोण करतंय. अक्कानं तोड काढली. तिचे यजमान राव मामा, सरकारी कचेरीतून रिटायर झालेले, दिवसभर शिवणयंत्रावर बसून तिच्यासाठी आपल्या वापरून विरलेल्या वेष्ट्यांच्या, म्हणजे धोतरांच्या, पिशव्या शिवायचे. तोंडाशी नाडी. दारात पोहोचलं की ती पिशवी बुटावर चढवायची, नाडी आवळायची, कोलम ओलांडून आत. म्हाताऱ्या बायका खूश. "बघा, बूट झाकून आली," म्हणायच्या. घरी गेल्यावर त्या पिशव्या उकळत्या पाण्यात पडायच्या, आणि त्या पातेल्याला हात लावला म्हणून तिनं एकदा राव मामांना सगळ्या गल्लीसमोर धुतलं होतं.

अशाच एका घरी आम्ही गेलो होतो, तिरुवैयारूजवळच्या गावात. घरचे यजमान मोठे जमीनदार, अंगानंही मोठे, वरच्या मजल्यावर छातीत कळ येऊन बसलेले. जिना म्हणजे एक माणूस आडवा झाला तर अडकेल असा. घरातले सगळे ओरडताहेत, उचला, उचला. सेल्वम पुढे झाला, शर्टाच्या बाह्या वर. अक्का म्हणाली, "थांब. तुझी कंबर मोडली तर उद्या ह्यांच्या भावाला आणायला कोण येईल?" मला आधी पेशंटला ऑक्सिजन लावायला सांगितलं, गोळी दिली, आणि खाली दिवाणखान्यात त्यांच्या चार दांडग्या पुतण्यांना रांगेत उभं केलं. वेष्ट्या गुडघ्यावर दुमडायला लावल्या. रिकामी खुर्ची घेऊन जिन्यावरून एकदा खाली, एकदा वर. गुडघे वाकवा, पाठ सरळ, खुर्ची पोटाशी, कुणी बोलायचं नाही, फक्त अक्का बोलणार. घरातली सून कळवळून म्हणाली, "अहो, नाटकाची तालीम चाललीय का?" अक्का म्हणाली, "हो. पडलें तर परत उभें राहतां येतें ते तालमींतच." मग पेशंट बसवून त्या चौघांनी असं अलगद उतरवलं की जमीनदार खाली येऊन म्हणाले, मला पालखीत बसल्यासारखं वाटलं. छातीत कळ आणि वर हौस. ते वाचले. पुढच्या पोंगलला त्यांच्याकडून ऊस आला, तो आम्ही तिघांनी गाडीच्या पायरीवर बसून खाल्ला.

वाईट कॉलही असायचे. ते लपवून काय करू. अशा वेळी अक्का गाडी कालव्याच्या कडेला नारळांखाली थांबवायला सांगायची. डबा काढायची. रात्रीचा पाण्यातला भात, ताक, छोटे कांदे, वर राव मामांच्या हातच्या लिंबाच्या लोणच्याची फोड. पण घास कुणालाही द्यायची नाही. "आधी बोल, मग जेव." जे पाहिलं ते तोंडानं सांगायचं, जसं दिसलं तसं. रडू आलं तर रडायचं. शिव्या आल्या तर शिव्या. सगळ्यांचं बोलून झालं की डबा फिरायचा. मला सुरुवातीला ते नाटकी वाटायचं. मग एकदा एका लहान मुलीच्या कॉलनंतर मी बोलले, बराच वेळ बोलले, आणि त्या भातासारखा भात मी जन्मात खाल्ला नाही. घरी जाऊन झोप लागली. ती म्हणायची की पाठीची काळजी सगळे घेतात, गळ्यात अडकलेलं कोणी बघत नाही.

आता विहिरीचं सांगते.

ओरत्तनाडूच्या बाजूला एका गावातून कॉल आला. विहिरीत माणूस पडलाय, एवढंच. सेल्वमनं गावाचं नाव ऐकलं, घराचा पत्ता ऐकला आणि त्याचा चेहराच बदलला. त्याच्या बायकोचं माहेर. पडलेला माणूस तिचा मोठा भाऊ, मुरुगेसन.  गाडी अशी सुटली की मी मागे दोन्ही हातांनी दांडा धरून बसले. भातशेतांतून बांधाचा रस्ता, कालव्यावरचे अरुंद पूल, समोरून येणारी मोपेड चिखलात उतरून उभी राहिली. खरं सांगायचं तर मला मजा वाटत होती. पुढे काय वाढून ठेवलंय हे मला तेव्हा कुठं माहीत होतं.

विहीर खोल, पाणी तळाला गेलेलं. पंपाचं डिझेल इंजिन विहिरीतल्या कट्ट्यावर उतरवून चालवलं होतं. ते घुरघुरून बंद पडलं म्हणून मुरुगेसन दोराच्या शिडीनं उतरला आणि कट्ट्यावर बसला तो बसलाच. त्याला काय झालं म्हणून धाकटा भाऊ मणी उतरला. तोही त्याच्या अंगावर कलंडला. वरून दोघं दिसत होते, झोपल्यासारखे. काठावर सगळं गाव, आणि म्हातारा बाप शिडीला हात घालून तिसरा उतरायच्या तयारीत. इंजिनाच्या धुरातला विषारी वायू विहिरीत साचलेला होता. दिसत नाही, टोचत नाही. उतरणाऱ्याला एवढंच वाटतं की आपल्याला जरा बसावंसं वाटतंय.

गाडी थांबायच्या आत सेल्वम उजव्या दारानं बाहेर. आणि अक्का? मी मागचं दार ढकलून उतरले आणि पाहतच राहिले. अक्का धावत होती. ती बुटकी, जाडजूड बाई बांधावरून धावत होती, आणि गजरा तिच्या डोक्यात तसाच होता. मी तिला तसं कधी पाहिलं नव्हतं. त्या दिवशी तिनं जागा पाहिली नाही, ना तार, ना गर्दी. तिनं फक्त सेल्वमला पाहिलं होतं.

त्यानं म्हाताऱ्याला बाजूला सारून शिडीवर एक पाय टाकला होता. अक्कानं मागून त्याचा पट्टा दोन्ही हातांनी धरला आणि स्वतः मागे बसली. अख्खं वजन टाकून, जमिनीवर. सेल्वम तिच्यावर आदळला. "सोलापूर, शिडी वर घे," ती ओरडली. मी आणि गावातल्या दोघांनी शिडी ओढून घेतली, आणि अक्का उठून त्या शिडीच्या गुंडाळ्यावर जाऊन बसली.

"अक्का, ऊठ," सेल्वम म्हणाला. "माझ्या बायकोचा भाऊ आहे. दोघं आहेत."

"माहीत आहे मज."

"ऊठ. मी श्वास रोखून जातो आणि दोराला बांधून येतो."

"मणी तेंच म्हणाला असेल."

तो तिच्या अंगावर धावून गेला. खरंच. दोघांनी त्याला धरलं. त्या घरातल्या बायका तिच्यावर तुटून पडल्या, तिचे केस ओढले, गजऱ्याची फुलं शेणामातीत पसरली. कुणीतरी तिला राक्षसीण म्हणालं. ती उठली नाही. तिचा आवाजही चढला नाही. मला म्हणाली, फायर ब्रिगेडला फोन लाव, तोंडावर लावायची हवेची नळकांडी घेऊन या म्हणून सांग. गाववाल्यांना म्हणाली, भात उफणायचा मोठा पंखा कुणाकडे आहे, आणा, आणि त्याबरोबर ताडपत्री. पंखा आला. ताडपत्रीची गुंडाळी करून तिचं एक तोंड पंख्याला बांधलं, दुसरं विहिरीत सोडलं, वरची ताजी हवा खाली. मग कडुलिंबाच्या फांद्यांचा भारा दोराला बांधायला लावला, तो विहिरीत वरखाली करायचा, म्हणजे साचलेली हवा ढवळून वर येते. त्या दोराचं टोक तिनं कुणाच्या हातात दिलं असेल? सेल्वमच्या.

"ओढ," म्हणाली. "तुजइतका जोर इथें कोणाला नाही."

आणि तो ओढत राहिला. डोळ्यांतून पाणी, तळहाताची सालटं निघालेली, वर-खाली, वर-खाली. त्याच्या हातांना काहीतरी करायला मिळालं होतं. नाहीतर तो वेडा झाला असता, किंवा विहिरीत गेला असता. अक्का शिडीवर बसून त्याच्याकडे बघत होती, आणि त्याच्या प्रत्येक ओढीबरोबर तिचे हातही वर-खाली होत होते. ते फक्त मी पाहिलं.

फायरचे जवान आले, मुखवटे चढवून उतरले. मणी वर आला तो काळानिळा, पण श्वास होता. मी आणि अक्कानं त्याला तिथंच बांधावर ऑक्सिजन लावला. त्यानं बोटं हलवली तेव्हा मला जो आनंद झाला तो मी कागदावर काय लिहू. पाठोपाठ मुरुगेसन आला. त्याच्यासाठीही आम्ही सगळं केलं, छाती दाबत दाबत नेलं, सेल्वमनं गाडी पाण्यासारखी नेली. हॉस्पिटलात पोहोचल्यावर डॉक्टरांनी मान हलवली. मणी वाचला, मुरुगेसन गेला.

येताना अक्कानं कालव्याच्या कडेला गाडी थांबवायला सांगितली. डबा काढला. मी बोलले. ती बोलली, फुलं गेल्याचंही बोलली, कारण तिच्या मते बोलताना काहीच गाळायचं नसतं. मग ती सेल्वमकडे वळली. तो स्टिअरिंगवर हात ठेवून समोर बघत होता. तसाच म्हणाला, "तू शिडी काढलीस." बस. त्यापुढे काही नाही. डबा न फिरता बंद झाला. आम्ही तिघंही त्या दिवशी उपाशी राहिलो.

त्यानंतर सेल्वम तिच्याशी बोलेना. कामात चुकारपणा नाही, उर्मटपणा नाही. अक्का म्हणेल ते करायचा, "सरी", म्हणजे बरं, म्हणायचा, एवढंच. माझं शिकाऊपण संपलं, मला दुसऱ्या शिफ्टला टाकलं. पण गाडी ताब्यात घ्यायला गेले की मला दिसायचं. शेजारशेजारच्या दोन सीटवर बसून दोन माणसं एकमेकांशी बोलत नाहीत, आणि आरशाखाली गजरा, शिफ्ट संपली तरी न माळलेला. आणि सेल्वम अजून उजव्याच दारानं उतरायचा. आता तर मुद्दाम. अक्का त्याला डाव्या दारानं ये असं पुन्हा म्हणाली नाही. ती फक्त आपल्या बाजूनं मान वळवून मागचा रस्ता बघायची आणि म्हणायची, "बस येते आहे." तो दाराचा दांडा धरून थांबायचा. "आतां जा." तो जायचा. प्रत्येक वेळी, आणि त्यांचा नवा शिकाऊ सांगायचा, प्रत्येक कॉलला. मला त्या सेल्वमचा इतका राग यायचा की वाटे दोन थोबाडीत द्याव्यात. एकदा मी अक्काला म्हटलंही, "तू कशाला सांगतेस त्याला? जोसेफ अण्णाशेजारी बसेल एखाद दिवशी, मग कळेल."

तिनं माझ्याकडे रोखून पाहिलं. "त्याला बोलतां येत नाही," ती म्हणाली. "तें अजून त्याच्या गळ्यांत आहे. मी वाट पाहत्यें."

वाट पाहता पाहता तिचा रिटायरमेंटचा दिवस आला. शिफ्ट संपली, हार घातले, फोटो काढले, साहेब दोन शब्द बोलले आणि अक्कानं त्यांना मधेच थांबवून विचारलं की तुम्ही सकाळपासून पाणी प्यालात का, ओठ सुकलेत. सगळे हसले. आमची गाडी त्या दुपारी वर्कशॉपला जाणार होती, म्हणून कॉल लागणार नव्हता. वाटेवरच तिचं घर, मेलवीथीतल्या एका बोळात पहिलंच. साहेब म्हणाले, सोडून या. मी माझ्या जुन्या जागी मागे बसले, मधली खिडकी उघडी ठेवून. पुढे ती दोघं.  बोळाच्या तोंडाशी गाडी थांबली. अक्का आपली पिशवी घेऊन डाव्या दारानं उतरली, "येत्यें रे" म्हणाली आणि चालू लागली. दारात राव मामा उभे होते.

गजरा हुकालाच राहिला होता.

मला तो दिसला. मी खिडकीतून हात घातला तर सेल्वम म्हणाला, "राहू दे. मी देतो." त्यानं गजरा काढून तळहातावर घेतला. दुसरा हात उजव्या दाराच्या दांड्यावर गेला. बाहेरून बस, मोपेड, सगळं घासून चाललं होतं. त्यानं आरशात पाहिलं. आता कुणी "बस येते आहे" म्हणणारं नव्हतं. तो तसाच बसून राहिला. मग त्यानं तो हात काढून घेतला. एवढा धिप्पाड गडी, गिअरच्या दांड्यावरून पाय काढताना गुडघा आपटला, डोकं छताला लागलं, पण तो सरकत सरकत अक्काच्या सीटवर आला आणि डाव्या दारानं खाली उतरला. मी तोंडावर हात धरला आणि मागच्या दारानं उतरून त्याच्या मागोमाग गेले. मला हसू येत होतं आणि रडूही येत होतं, दोन्ही एकदम.

अक्का उंबऱ्यात थांबून हे सगळं बघत होती. सेल्वमनं जवळ जाऊन गजरा पुढे केला. तिनं गजऱ्याकडे पाहिलंच नाही.

"कोणत्या दारानं उतरलास?"

"डाव्या."

तिनं गजरा घेतला, हात वर करून माळला, एक आकडा, मग दुसरा. तो हलला नाही. त्याची मान खाली होती. मग तमिळमध्येच, पण इतक्या हळू की मला कान द्यावा लागला, तो म्हणाला, "अक्का, त्या दिवशी मला माहीत होतं. तू बरोबर आहेस हे मला तिथंच माहीत होतं. तरी मला..." पुढे त्याला येईना.

राव मामा काहीतरी म्हणायला गेले, अक्कानं त्यांना हातानं थांबवलं. सेल्वमच्या दंडाला धरून तिनं त्याला आत घेतलं.

"आंत ये. बैस," ती म्हणाली. "आधी बोल, मग जेव."

राव मामा बाहेर येऊन पायरीवर बसले. मी त्यांच्याशेजारी बसले. आतून सेल्वमचा आवाज येत होता, आणि बराच वेळ तो थांबला नाही.